पडद्यापासून चौकटीपर्यंत : झाशीच्या राणीची चित्रकथा आणि तिचे कादंबरीकार

कादंबरीचे चित्रकथेत रूपांतर होते तेव्हा मुखपृष्ठाच्या आतील बाजूस साधारणतः दोन नावे छापलेली असतात : संहितालेखकाचे आणि चित्रकाराचे. कादंबरीकाराचे नाव असतेच असे नाही. रूपांतर जाहीरपणे त्याच्याच कृतीचे असेल तर ते असते. पण ऐतिहासिक व्यक्तीची कथा असेल तर 'इतिहास' हाच आधार मानला जातो आणि त्या इतिहासाला कथेचे रूप देणारा कादंबरीकार नामशेष होतो. माध्यमांतराच्या अभ्यासात या दुसऱ्या प्रकाराकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. जिवंत कादंबरीकाराबरोबर बसून केलेल्या रूपांतराची चर्चा होते, मुलाखती होतात. ज्या कादंबरीकारांबरोबर संहितालेखक नकळत काम करीत असतो त्यांची चर्चा होत नाही. प्रस्तुत निबंधात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या चित्रकथेच्या निमित्ताने अशा अदृश्य सहकाऱ्यांचा मागोवा घ्यावयाचा आहे. हे प्रकरण मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कथेतील प्रमुख पात्रांची घरची भाषा मराठी, कथेचा सर्वांत समृद्ध साक्षीदार मराठी. आणि तरीही लोकप्रिय कथेतून मराठी जवळजवळ हद्दपार झालेली, अशी ही स्थिती आहे.

कथेचे भूगोलाशी असलेले नाते आधी लक्षात घेतले पाहिजे. उत्तर हिंदुस्थानातील अनेक लष्करी छावण्यांना लागून एक 'सदर बाजार' असतो. छावणीच्या गरजा भागविणारी ती पेठ. झाशीचा सदर बाजार हा असाच, तटबंदीच्या जुन्या शहरापासून वेगळा, छावणीच्या अंगाने वाढलेला. जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीत बाराव्या देशी पायदळाच्या आणि चौदाव्या बेकवाइदी घोडदळाच्या तुकड्या होत्या, आणि उठाव तेथून सुरू झाला. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले, लुटले, जाळले. पुढे १८६१ मध्ये झाशी शहर आणि किल्ला शिंद्यांना देण्यात आला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात तो पुन्हा इंग्रजांकडे आला. मधली पंचवीस वर्षे जुने शहर एका अमलाखाली आणि छावणी व नवाबाद म्हणून ओळखली जाणारी वस्ती दुसऱ्या अमलाखाली होती. आज सदर बाजारातल्या पुस्तकांच्या आणि शालेय साहित्याच्या दुकानांत राणी वह्यांच्या मुखपृष्ठावर, भिंतीवरच्या तक्त्यांवर आणि पातळ चित्रकथांत भेटते. जी पेठ राणीच्या शत्रूच्या सैन्यासाठी उभी राहिली त्याच पेठेत तिची प्रतिमा सर्वाधिक खपावी, यात झाशीकरांना काही विसंगत वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही.

राणीच्या कथेतील पहिला कादंबरीकार मात्र ना हिंदी, ना मराठी, ना बंगाली. तो ऑस्ट्रेलियात जन्मलेला. जॉन लँग (१८१६–१८६४) हा सिडनीत जन्मलेला वकील, हिंदुस्थानात 'मफसलाइट' हे पत्र चालविणारा संपादक आणि ऑस्ट्रेलियाच्या भूमीत जन्मलेला पहिला कादंबरीकार म्हणून आज ओळखला जाणारा लेखक. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर (नोव्हेंबर १८५३) डलहौसीने झाशी खालसा केली, तेव्हा १८५४ मध्ये राणींनी त्याला सल्लामसलतीसाठी बोलावून घेतले. आग्र्याहून तो झाशीस आला, राणींशी बोलला, आणि पुढे १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानातील भटकंतीच्या पुस्तकात त्याने ही भेट वर्णिली. झाशी देणार नाही, हे राणींच्या तोंडचे जे वाक्य आज शाळकरी मुलालाही पाठ असते, त्याचा सर्वांत प्रसिद्ध लेखी पुरावा लँगचे हे पुस्तक आहे. तूर्त निषेध नोंदवून निवृत्तिवेतन स्वीकारावे, असा सल्ला त्याने दिला; त्यावर राणींनी दिलेले उत्तर त्याने रोमन लिपीत, मोडक्या हिंदुस्थानीत नोंदविले.

चित्रकथेच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. लँगच्या वर्णनात राणी पडद्याआड आहे. संभाषण पडद्यातून चालले आहे. दत्तक पुत्र, बालक दामोदर, पडदा बाजूला सारतो आणि लँगला क्षणभर राणीचे दर्शन घडते : साधे पांढरे तलम वस्त्र, कानांत सोन्याची कर्णभूषणे, बाकी दागिना नाही. आणि आवाज? तो लँगला मुळीच आवडला नाही. किरकिरा, घोगरा, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. म्हणजे लँगने जतन केलेले ते उद्गार एका न दिसणाऱ्या स्त्रीने, न आवडणाऱ्या आवाजात, वकिलाशी चाललेल्या कायदेशीर चर्चेच्या ओघात काढलेले आहेत. उत्तरकालीन चित्रांत तेच उद्गार तळपत्या तलवारीच्या, उभ्या राहिलेल्या राणीच्या तोंडी येतात. वाक्य एका कादंबरीकाराच्या कानांतून आले. त्याने लिहिलेले दृश्य मात्र गळून पडले. चित्रकथेच्या माध्यमात याला एक सबळ कारण आहे. फुग्यातील संवादाला शेपूट असते आणि ते शेपूट कोणत्या तरी तोंडाकडे वळवावे लागते. पडद्याकडे वळलेले शेपूट तांत्रिकदृष्ट्या काढता येते, पण नायिकेच्या सर्वांत महत्त्वाच्या वाक्याला चित्रकार चेहरा नाकारील अशी अपेक्षा कोणता संपादक करील?

मराठीत या कथेचे दोन आरंभबिंदू आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणींचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यावेळी दामोदरराव हयात होते. पारसनिसांची भूमिका काळाला साजेशी सावध होती : जोखनबागेतील इंग्रजांच्या हत्येशी राणींचा संबंध नव्हता, त्या आरंभी इंग्रजांच्या वतीनेच झाशीचा कारभार पाहत होत्या आणि परिस्थितीने त्यांना शस्त्र उचलणे भाग पडले. दुसरा आरंभबिंदू विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. वरसईचे हे भिक्षुक १८५७ च्या वसंतात काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वावटळीत सापडले, वेढ्याच्या काळात झाशीतच राहिले आणि लुटले जाऊन, पायपीट करीत घरी परतले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी १८८३ च्या सुमारास आपली हकीकत लिहिली. वैद्यांनी ती संस्कारित करून १९०७ मध्ये छापली. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिली.

गोडसे भटजी हे कादंबरीकार नव्हते, हेच त्यांचे सामर्थ्य. त्यांना नायिका घडवायची नव्हती. गंगाधररावांच्या नाट्यवेडाबद्दल, त्यांच्या स्त्रीवेष धारण करण्याच्या लहरीबद्दल ते संकोच न करता लिहितात. राणींचा दिनक्रम सांगताना व्यायाम, घोड्याची रपेट, स्नान, पूजा, दरबार हे सारे क्रमाने येते; दरबारात कधी पुरुषी पोषाख, कधी शुभ्र वस्त्र, हा तपशील येतो. अश्वपरीक्षेतील त्यांचा लौकिक येतो. शहर पडल्यानंतरच्या दिवसांचे त्यांचे वर्णन तर आपल्या गद्यातील एक अजोड लेखन आहे : घरे जळत आहेत, माणसे गवताच्या गंजीत आणि विहिरींत लपत आहेत, आणि ग्रंथालयातील पोथ्या वाऱ्यावर उधळल्या जात आहेत. एका पोथ्या जपणाऱ्या ब्राह्मणाला मृत देहांइतकेच त्या पोथ्यांचे दुःख व्हावे, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग सर्वश्रुत आहे. पराभवानंतर घोड्यावरून आलेली, धुळीने माखलेली राणी पाणी पिण्यास थांबते. भटजी पाणी शेंदण्यास पुढे होतात, तर त्यांच्या विद्वत्तेचा मान राखून राणी ते काम स्वतः करते आणि ओंजळीने पाणी पिते. मग आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरेसा होता, या खटाटोपात पडण्याचे कारण नव्हते, अशा आशयाचे काही बोलते. येथे वीरश्री नाही. थकवा आहे, वैधव्याची जाणीव आहे, कर्तव्याची कोरडी स्वीकृती आहे. कोणत्याही चित्रकाराला हा प्रसंग चार चौकटींत बसविता येईल : घोडा, विहीर, मातीचे भांडे, ओंजळ. संवाद जवळजवळ नकोच. चित्रकथेच्या माध्यमाला इतके अनुकूल दुसरे दृश्य या संपूर्ण वाङ्मयात नसावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि तरीही राणीच्या लोकप्रिय प्रतिमांत हे दृश्य अभावानेच दिसते. तेथे राज्य असते ते पाठीशी मूल बांधून तटावरून झेपावणाऱ्या घोडेस्वार राणीचे.

ते का, याचे उत्तर वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीकडे जाते. वर्मा (१८८९–१९६९) मऊरानीपूरचे, वकिलीचा व्यवसाय झाशीत. त्यांची पुस्तके झाशीच्याच मयूर प्रकाशनातून निघत. 'गढ़ कुंडार', 'विराटा की पद्मिनी' या कादंबऱ्यांनी त्यांना हिंदीतील ऐतिहासिक कादंबरीचे अग्रणी केले होते. 'झाँसी की रानी' १९४६ मध्ये आली. वर्मांचे पणजोबा १८५८ च्या लढाईत कामी आले होते आणि लहानपणी पणजीच्या तोंडून त्यांनी राणींच्या कथा ऐकल्या होत्या. पुढे पारसनिसांचे पुस्तक वाचल्यावर त्यांना धक्का बसला, कारण पणजीची राणी स्वेच्छेने लढली होती आणि पारसनिसांची राणी नाइलाजाने. कादंबरीच्या प्रास्ताविकात वर्मा हा प्रश्न एखाद्या वकिलाने मुद्दा निश्चित करावा तसा मांडतात : राणी स्वराज्यासाठी लढली की इंग्रजांनी भाग पाडले म्हणून? मग ते पुरावा गोळा करतात. कचेरीतील १८५८ सालची पत्रे शोधतात, वृद्धांच्या जबान्या घेतात, लोकगीते ऐकतात. निकाल त्यांच्या पणजीच्या बाजूने लागतो.

हा निकाल १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर लागला, हे विसरून चालणार नाही. पण वर्मांना केवळ राष्ट्रवादी कादंबरीकार ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांच्या कादंबरीत राणीभोवती एक गजबजलेले शहर आहे : नाटकशाळेतील अभिनेत्री मोतीबाई, जुही, सखी सुंदर, मुंदर आणि काशी, गोलंदाज गुलाम गौस खाँ, खुदाबक्ष. किल्ल्यात गौस खाँ, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांची थडगी दाखविली जातात आणि ती पाहणारा पर्यटक अनेकदा वर्मांचीच कथा ऐकत असतो, हे त्याच्या गावीही नसते. गंगाधररावांची जी नाटकशाळा गोडसे भटजींच्या लेखी एक चमत्कारिक लहर होती, तिचे वर्मांनी उठावाच्या एका गुप्त केंद्रात रूपांतर केले. सामग्री जवळपास तीच. कादंबरीकाराने तिला कार्य दिले. आणि याच कादंबरीने कोरी जातीच्या झलकारीला, राणीच्या वेषात इंग्रजांच्या तळावर जाणाऱ्या स्त्रीला, लेखी साहित्यात ठळक स्थान दिले. त्याकडे पुढे वळावयाचेच आहे.

दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, महाश्वेता देवींचे 'झाँसीर रानी' बंगालीत आले. ही त्यांची पहिली कृती. त्यासाठी त्या झाशी, ग्वाल्हेर या भागांत हिंडल्या, गाणी आणि आठवणी गोळा केल्या. चरित्र आणि कादंबरी यांच्या सीमेवरची ही रचना आहे. वर्मांनी लोकस्मृतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. महाश्वेता देवींनी तिला स्वतंत्र दफ्तराचा दर्जा दिला. फरक सूक्ष्म वाटतो, पण तो मूलगामी आहे. कारण वर्मांच्या पद्धतीत निकाल लागल्यावर साक्षीदार घरी जातात. महाश्वेता देवींच्या पद्धतीत ते संहितेतच राहतात आणि परस्परविरोधी बोलत राहतात. मराठीत वि. वा. शिरवाडकरांनी 'वीज म्हणाली धरतीला' (१९७०) या नाटकात राणीला रंगभूमीवर आणले, तेव्हा या सगळ्या परंपरांचे पाणी एकत्र वाहू लागले होते.

या पार्श्वभूमीवर १९७४ मध्ये 'अमर चित्र कथा' मालिकेत राणीची चित्रकथा निघाली. संहिता माला सिंग यांची, चित्रे हेमा जोशी यांची. अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादकत्वाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा ठरलेला आकार बत्तीस पृष्ठांचा होता. कामाची पद्धत अशी की संहितालेखक प्रत्येक चौकटीसाठी दृश्याचे वर्णन, वरचे निवेदन आणि फुग्यातील संवाद लिहून देतो, संपादक त्यावर हात फिरवितो आणि चित्रकार त्यानुसार आखणी करतो. पृष्ठावर चार-सहा चौकटी धरल्या तर एका आयुष्याला दीडशेच्या आसपास चौकटी मिळतात. वर्मांच्या शेकडो पृष्ठांच्या कादंबरीतील माणसांच्या वर्दळीला इतक्या जागेत थारा मिळणे अवघडच. वर्मांनी जो निकाल पुराव्यानिशी दिला तो निकाल येथे गृहीतक होतो आणि पुरावा जागेअभावी वगळला जातो. संहितालेखिकेसमोर कोणती पुस्तके होती हा येथे मुद्दा नाही. वर्मांनंतर तीन दशकांत ती भूमिका इतकी सार्वत्रिक झाली होती की ती कोणाकडून घेतली, हे विचारण्याचीही गरज राहिली नव्हती. प्रभावाच्या अभ्यासात आपण उसनवारीचे दस्तऐवज शोधतो. येथे दस्तऐवजाची अनुपस्थिती हाच प्रभावाचा पुरावा आहे.

चित्रकाराचे काम तर याहून अवघड. राणीचे निर्विवाद म्हणता येईल असे छायाचित्र नाही. कादंबरीकार तिच्या वेषाबद्दल चार पाने मौन बाळगू शकतो, चित्रकार चार चौकटीही नाही. नऊवारी की बुंदेली धाटणी, विधवेचे शुभ्र वस्त्र की रणवेष, दागिने किती, कपाळ कोरे की नाही, हे प्रत्येक पानावर ठरवावे लागते. आणि एकदा ठरले की बदलता येत नाही, कारण बालवाचक पात्राला वेषावरूनच ओळखतो. गोडसे भटजींची राणी प्रसंगानुसार वेष बदलते. ती तिच्या स्वभावाची खूण आहे. चित्रकथेच्या व्याकरणात वेष ही ओळखीची खूण असल्याने त्याला स्थैर्य लागते. सोहराब मोदींच्या १९५३ च्या रंगीत चित्रपटाने आणि ठिकठिकाणच्या चौकांतील अश्वारूढ पुतळ्यांनी हे स्थैर्य आधीच घडवून ठेवले होते. नंदिनी चंद्रा आणि कार्लिन मॅक्लेन यांनी या मालिकेवर केलेल्या अभ्यासांतून (अनुक्रमे २००८ आणि २००९) दृश्य परंपरेचा हा भार किती मोठा होता हे स्पष्ट झाले आहे. साहित्यिक परंपरेच्या बाजूने मात्र तशी मांडणी अद्याप अपुरी आहे.

भाषेच्या प्रश्नाकडे वळू. मालिकेची मूळ संहिता इंग्रजीत लिहिली जाई आणि मग भारतीय भाषांत अनुवाद होत, मराठीतही. याचा अर्थ काय होतो पाहा. नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले, राणींचे माहेर तांब्यांचे. वाड्यात मराठी बोलली जाई, बाहेर बुंदेली आणि हिंदुस्थानी, पत्रव्यवहार फार्सीतही. लँगशी राणी हिंदुस्थानीत बोलली, गोडसे भटजींशी मराठीत. मराठी वाचणाऱ्या मुलाच्या हाती राणी पुन्हा मराठी बोलताना येते तेव्हा ती इंग्रजीतून अनुवादित झालेली असते, आणि एकाच फुग्यात, एकाच प्रमाण मराठीत ती सखीशी, गोलंदाजाशी आणि इंग्रज अधिकाऱ्याशी बोलते. वर्मांनी बुंदेली संवादांतून झलकारीची बोली जपली होती. बहुभाषिक झाशी चित्रकथेत एकभाषिक होते. अनुवादकांचा यात दोष नाही, त्यांच्यासमोरच्या संहितेतच भेद उरलेला नव्हता.

अमृतलाल नागरांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. हिंदीतील या थोर कादंबरीकाराने 'माझा प्रवास' हिंदीत आणला, 'आँखों देखा ग़दर' या नावाने. म्हणजे मराठी साक्षीदाराला हिंदीत वाट करून देण्याचे काम एका कादंबरीकारानेच केले. इंग्रजीत मात्र हा ग्रंथ दीर्घकाळ पोहोचला नाही. मृणाल पांडे (२०११), सुखमणी रॉय (२०१२), प्रिया आडारकर आणि शांता गोखले (२०१४) यांचे अनुवाद जवळजवळ एकापाठोपाठ आले. चित्रकथेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या संहितालेखकाला १९७४ मध्ये विहिरीचा प्रसंग सहज उपलब्ध नव्हता, ही साधी ग्रंथोपलब्धीची बाब आपण विचारसरणीच्या चर्चेत कित्येकदा विसरतो.

कादंबरीकाराला असलेल्या आणि चित्रकथेला नसलेल्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना २००८ सालचे उदाहरण विसरता येत नाही. जयश्री मिश्र यांच्या 'रानी' (२००७) या इंग्रजी कादंबरीत राणी आणि एक इंग्रज अधिकारी यांच्यात हळवे नाते कल्पिले होते. उत्तर प्रदेश शासनाने तिच्यावर बंदी घातली. कादंबरी वाईट होती की चांगली हा प्रश्न वेगळा. झाशीत कादंबरीकाराचा अधिकार कोठे संपतो, हे त्या बंदीने दाखवून दिले, आणि ती सीमा चित्रकथेने घडविलेल्या पिढीच्या मनात अगोदरच आखलेली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

झलकारीची कथा याच्या उलट दिशेने गेली. वर्मांच्या कादंबरीतील दुय्यम पात्र दलित लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी उचलले, मध्यवर्ती केले. मोहनदास नैमिशराय यांनी तिच्यावर २००३ मध्ये कादंबरी लिहिली. त्याआधी २००१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले होते. बद्री नारायण यांनी २००६ च्या आपल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे मेळ्यांतून, सभांतून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिकांनी तिला घराघरांत पोहोचविले. वर्मांच्या कादंबरीत इंग्रज तिला सोडून देतात; उत्तरकालीन कथनांत तिला वीरमरण येते. येथे कादंबरीकाराशी उघड वाद आहे. 'तुम्ही तिला राणीची प्रतिकृती केलेत, आम्हाला ती स्वतः हवी आहे' असा हा वाद आहे. आणि वाद घालण्यासाठी का होईना, कादंबरीकाराचे नाव घेतले जाते. मुख्य धारेतील चित्रकथेने जे केले नाही ते या पुस्तिकांच्या परंपरेने केले. घोड्यावर बसलेली, हाती तलवार घेतलेली झलकारी चित्रात राणीहून वेगळी ओळखता येत नाही, ही अडचण तिच्या चित्रकारांपुढे उभी राहते. वेष हीच ओळख असलेल्या माध्यमात वेषांतर करणाऱ्या नायिकेचे काय करायचे? काही चित्रांत नाव खाली लिहून हा प्रश्न सोडविलेला दिसतो.

सदर बाजारातील एका दुकानात काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास वर्मांच्या कादंबरीची जाडजूड आवृत्ती, राणीच्या दोन वेगवेगळ्या चित्रकथा आणि झलकारीवरची एक पुस्तिका एकाच मांडणीवर शेजारी शेजारी दिसल्या. 'माझा प्रवास' आहे का असे विचारले. दुकानदाराने नागरांच्या अनुवादाचे नाव ऐकले होते, ते मागविता येईल म्हणाला. मूळ पुस्तक मराठीत आहे हे त्याला नवीन होते. लेखक झाशीचा नव्हता, कोकणातला भिक्षुक होता, हे कळल्यावर त्याने वेढ्यात त्या माणसाचे घर कोणत्या मोहल्ल्यात होते असे विचारले आणि उत्तर कागदावर लिहून घेतले.